ब्रेल डिस्प्ले कधी चालतो, कधी नाही: यूएसबी क्रमांकाचा घोळ आणि ‘नगर’ शब्दावर बंद पडणारा ड्रायव्हर

ही तक्रार दोन टोकांकडून येते आणि तिथली माणसं सहसा एकमेकांना ओळखत नाहीत.

एका टोकाला ब्रेल वाचणारा वापरकर्ता असतो. यूएसबीने ब्रेल डिस्प्ले (पडद्यावरचा मजकूर वरखाली होणाऱ्या टिंबांनी ब्रेलमध्ये दाखवणारं उपकरण) लॅपटॉपला जोडला, चार्जिंग सुरू झालं, संगणकाने उपकरण लागल्याचा आवाजही दिला, पण एकही टिंब वर आलं नाही. काढून पुन्हा लावला की कधीकधी चालतो. शेजारच्या यंत्रावर बिनतक्रार चालतो. कोणीतरी दुरुस्त करून देतं, आठ-पंधरा दिवस बरे जातात, मग सिस्टम अपडेट होते आणि डिस्प्ले परत मुका.

दुसऱ्या टोकाला इलेक्ट्रॉनिक्सचा विद्यार्थी असतो. मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवरून किंवा पुण्याच्या तपकीर गल्लीतून अर्दुइनोचा स्वस्तातला बोर्ड आणतो, उबुंटूवर लावतो. पोर्ट क्षणभर दिसतो आणि नाहीसा होतो. शोधाशोध केली की पहिलाच सल्ला मिळतो: बीआरएलटीटीवाय नावाचा, लिनक्सवर ब्रेल डिस्प्ले चालवणारा प्रोग्राम काढून टाका. काढला की बोर्ड चालू. मग तोच सल्ला कॉलेजच्या सगळ्या लॅबमध्ये फिरतो आणि पुढच्या वर्षी त्या लॅबमध्ये ब्रेल डिस्प्ले घेऊन येणाऱ्या मुलीचं यंत्र कुठेच लागत नाही.

दोन्हीकडे दुखणं एकच आहे. यूएसबीवर उपकरणाचा म्हणून जो क्रमांक दिसतो तो बऱ्याचदा उपकरणाचा नसतोच, आतल्या चिपचा असतो. ड्रायव्हरने त्या क्रमांकावर आंधळा विश्वास ठेवला तर दुसऱ्याचं उपकरण बळकावलं जातं, आणि अजिबात ठेवला नाही तर आपलंच उपकरण ओळखता येत नाही. खालची सगळी दुरुस्ती या दोन टोकांच्या मधली आहे.

आधी पाच मिनिटांची तपासणी

केबल बदला. सल्ला बाळबोध आहे, पण फक्त चार्जिंगच्या केबली घराघरांत पडलेल्या असतात. त्यांतून वीज जाते, डेटा नाही. डिस्प्ले चार्ज होतोय याचा अर्थ तो संगणकाशी बोलतोय असा नाही. हब मध्ये असेल तर तोही तात्पुरता बाजूला करा.

मग डिस्प्लेचा स्वतःचा मेनू बघा. बऱ्याच डिस्प्लेंना यूएसबीसाठी एकाहून जास्त मोड असतात: सिरियल, एचआयडी (कीबोर्ड-माउस ज्या पद्धतीने जोडले जातात ती), नाहीतर नुसता पेन ड्राइव्हसारखा साठा. साठ्याच्या मोडमध्ये असलेला डिस्प्ले स्क्रीन रीडरला, म्हणजे पडद्यावरचा मजकूर वाचून देणाऱ्या प्रोग्रामला, कधीच सापडणार नाही. ब्लूटूथ एखाद्या फोनशी जोडलेलं राहिलं असेल तर तेही तोडा. काही डिस्प्ले एका वेळी एकाच वाटेवर बोलतात.

यानंतर लिनक्सवर कर्नलचा (सिस्टमच्या गाभ्याचा) लॉग उघडा आणि डिस्प्ले लावताना काय उमटतं ते वाचा. उबुंटू २२.०४ वर सीएच३४० या सिरियल-यूएसबी चिपचं उपकरण लावलं की जे दिसायचं ते मासलेवाईक आहे. पहिल्या ओळीत सीएच३४१ कन्व्हर्टर (सीएच३४० साठीही कर्नलचा ड्रायव्हर याच नावाचा आहे) आता टीटीवाययूएसबी० या पोर्टला जोडला गेला, असं कर्नल सांगतो. लगेच पुढे येतं की शून्य क्रमांकाचा इंटरफेस सीएच३४१ ने धरलेला असताना ‘बीआरएलटीटीवाय’ कॉन्फिगरेशन लावू पाहतोय. त्यानंतरच्या ओळीत तोच कन्व्हर्टर टीटीवाययूएसबी० पासून सुटल्याची नोंद. या तीन ओळी दिसल्या तर केबल, हब, बोर्ड यांपैकी कशाचाही दोष नाही. एका प्रोग्रामने दुसऱ्याच्या हातातून उपकरण काढून घेतलं आहे.

लॉगमध्ये काहीच उमटत नसेल तर पुढे वाचू नका. तो हार्डवेअरचा प्रश्न आहे.

हे होतं का

प्रत्येक यूएसबी उपकरण जोडल्याजोडल्या दोन आकडे सांगतं: उत्पादकाचा आणि उत्पादनाचा. उत्पादकाचा क्रमांक यूएसबी-आयएफ या संस्थेकडून विकत घ्यावा लागतो. लहान कंपन्या, आणि ब्रेल डिस्प्ले बनवणाऱ्या बहुतेक कंपन्या लहानच, हा खर्च आणि आतली यूएसबीची डोकेदुखी दोन्ही टाळतात. त्या जुनं सिरियल सर्किट तसंच ठेवतात आणि पुढे तयार सिरियल-यूएसबी चिप बसवतात. एफटीडीआयची एफटी२३२ असते, सिलिकॉन लॅब्सची सीपी२१०२ असते, नाहीतर चीनमधल्या नानजिंगची सीएच३४०. चिप स्वतःचा क्रमांक सांगते. अनुक्रमे ०४०३:६००१, १०सी४:ईए६० आणि १ए८६:७५२३. एकाच चाळीतल्या सगळ्या खोल्यांवर एकच नंबर रंगवला तर पोस्टमनची जी गत होईल, ती इथे ड्रायव्हरची होते.

१ए८६:७५२३ हा आकडा सांगणाऱ्यांत स्वस्त अर्दुइनो आहेत, ईएसपी३२ चे कितीतरी बोर्ड आहेत, थ्रीडी प्रिंटर आहेत. आणि झूमॅक्सने अमेरिकेच्या एनएलएस या दृष्टिहीनांसाठीच्या ग्रंथालय सेवेसाठी बनवलेला वीस सेलचा (एका वेळी वीस ब्रेल अक्षरं दाखवणारा) ई-रीडरही त्यातच आहे. बीआरएलटीटीवायच्या नियमांत हा ई-रीडर यावा म्हणून तो क्रमांक बाउम या डिस्प्ले बनवणाऱ्या कंपनीच्या ड्रायव्हरच्या नावे लिहिला गेला. हेतू योग्यच होता. पण २०२२ च्या एप्रिलमध्ये आलेल्या उबुंटू २२.०४ मध्ये ती ओळ चालू राहिली, आणि उबुंटूत हा प्रोग्राम आधीपासून बसवलेला असतो, कारण दृष्टिहीन माणसाला कोणाची मदत न घेता सिस्टम बसवता यायला हवी. परिणामी जगभरचे हौशी लोक एका प्रोग्रामवर चिडले, ज्याचं नावही त्यांनी तोवर ऐकलं नव्हतं.

पोर्ट नुसता अडत नाही, अख्खा गायब होतो, त्याचंही कारण आहे. बीआरएलटीटीवाय कर्नलच्या सिरियल पोर्टमधून जातच नाही. तो कर्नलचा ड्रायव्हर सोडवतो, इंटरफेस स्वतः धरतो आणि सीएच३४०, सीपी२१०२, एफटीडीआय या चिपांशी थेट यूएसबीवरून बोलतो. त्यासाठीचं कोड त्याच्या आतच आहे. कर्नलचा ड्रायव्हर सुटला की टीटीवाययूएसबी० ही फाइलही जाते.

बोर्डवाल्यांसाठी

बीआरएलटीटीवाय उडवू नका. निदान ज्या यंत्रावर तुमच्याखेरीज आणखी कोणी बसतं, तिथे नको. तुमचा झगडा एका ओळीशी आहे, तेवढी ओळ बंद करा.

उबुंटू २२.०४ मध्ये ही ओळ ८५ या आकड्याने सुरू होणाऱ्या बीआरएलटीटीवायच्या यूडेव्ह नियम-फाइलीत आहे. (यूडेव्ह म्हणजे उपकरण लागल्यावर काय करायचं ते ठरवणारा लिनक्सचा भाग.) त्यात १ए८६:७५२३ शोधायचा आणि ओळीच्या सुरुवातीला हॅशचं चिन्ह टाकायचं. मग यूडेव्हला नियम पुन्हा वाचायला सांगायचं आणि बोर्ड काढून पुन्हा लावायचा.

दुरुस्ती टिकत नाही म्हणून लोक वैतागतात, ते इथेच. तुम्ही बदललेली फाइल पॅकेजच्या मालकीची आहे. पॅकेज अपडेट झालं की ती नव्याने लिहिली जाते आणि तुमचं हॅश गेलं. त्याऐवजी त्याच नावाची फाइल ईटीसी या सेटिंगांच्या फोल्डरामधल्या यूडेव्हच्या नियमांच्या फोल्डरात ठेवा. नाव एकच असेल तर यूडेव्ह ईटीसीतली वाचतो आणि पॅकेजची बाजूला ठेवतो. यात एक गोम आहे. अख्ख्या फाइलीची प्रत ठेवली तर पुढच्या आवृत्त्यांत जे नवे डिस्प्ले नियमांत येतील ते तुमच्या यंत्रावर येणार नाहीत, कारण तुमची प्रत जिथल्या तिथे गोठलेली. बीआरएलटीटीवायच्या नव्या आवृत्त्यांत नियम दोन फाइलींत विभागले आहेत: स्वतःचा क्रमांक असलेले डिस्प्ले एकीकडे आणि सामाईक चिपवाले दुसरीकडे. अशी विभागणी तुमच्याकडे असेल तर फक्त सामाईक चिपांची फाइल त्याच नावाने रिकामी करून ईटीसीत ठेवा. बाकीचे डिस्प्ले आपोआप ओळखले जात राहतील. प्रयोगशाळेच्या यंत्रांवर मी हाच उपाय सुचवेन.

डिस्प्लेवाल्यांसाठी

आता नाण्याची दुसरी बाजू. वर सांगितलेल्या गोंधळामुळे बऱ्याच लिनक्स वितरणांत सामाईक क्रमांकांच्या ओळी बंद ठेवलेल्या असतात. म्हणजे तुमचा डिस्प्ले एफटी२३२ किंवा सीपी२१०२ चा मूळ क्रमांक सांगत असेल, तर तो लावल्याने आपोआप काहीच सुरू होणार नाही. डिस्प्ले बिघडलेला नाही. त्याला कोणी हाकच मारलेली नाही.

बीआरएलटीटीवायच्या सेटिंग फाइलीत ड्रायव्हरचं दोन अक्षरी नाव आणि उपकरण दोन्ही स्पष्ट लिहा. बाउमसाठी बीएम, हँडीटेकसाठी एचटी, सेइकासाठी एसके. इथे ‘ऑटो’वर सोडून देऊ नका. ऑटोमध्ये एकेक ड्रायव्हर त्या क्रमांकावर आपापली भाषा बोलून बघतो. वेळ जातो, आणि काही डिस्प्ले परक्या ड्रायव्हरचे बाइट ऐकून अशा अवस्थेत जातात की नंतर योग्य ड्रायव्हरलाही दाद देत नाहीत. मग बंद करून चालू करावा लागतो. ‘काढून लावला की कधी चालतो’ या तक्रारीत पुष्कळदा हेच असतं.

टर्मिनलवर टिंबं येतात पण ओर्का या लिनक्सच्या स्क्रीन रीडरमध्ये येत नाहीत, ही वेगळी तक्रार आहे आणि तिचा यूएसबीशी संबंध नाही. ओर्का स्वतः डिस्प्लेशी बोलत नाही, बीआरएलएपीआय या दुव्यामार्फत बीआरएलटीटीवायला सांगतो. त्यासाठी ईटीसीत एक किल्लीची फाइल असते. ती वाचायची परवानगी तुमच्या खात्याला नसेल तर ओर्काचा ब्रेल गप्प राहतो. खातं योग्य गटात घाला, लॉगआउट होऊन परत या.

विंडोजवर एनव्हीडीए हा स्क्रीन रीडर असेल तर डिस्प्ले निवडायच्या ठिकाणी ‘स्वयंचलित’ ठेवता येतं आणि त्याखालच्या यादीत कोणकोणत्या ड्रायव्हरांनी शोधाशोध करायची ते टिक करता येतं. ज्यांचे डिस्प्ले तुमच्याकडे नाहीत ते काढून टाका. सीएच३४० च्या डिस्प्लेला विंडोजचा चिप-ड्रायव्हरही लागतो. इंटरनेट असेल तर तो आपोआप येतो. नसेल तर आधी तो हाताने बसवा, नाहीतर एनव्हीडीएत काहीही केलं तरी हाती काही लागायचं नाही. आणि त्याच यंत्रावर दुसरा स्क्रीन रीडर मागे चालू असेल तर कॉम पोर्ट त्याच्याकडे अडकलेला असतो. एक पोर्ट एका वेळी एकालाच मिळतो.

ड्रायव्हर लिहिणाऱ्यांसाठी

वापरकर्त्याने वरचं सगळं केलं तरी खरी दुरुस्ती ड्रायव्हरमध्येच व्हायला हवी. क्रमांकाचा उपयोग दार ठोठवायला करा. आत कोण आहे ते विचारूनच ठरवा.

बाउमचा सिरियल प्रोटोकॉल उदाहरणाला घेऊ, कारण तो बऱ्याच डिस्प्लेंनी उचलला आहे. प्रत्येक संदेश एस्केप या बाइटने, म्हणजे २७ ने, सुरू होतो. त्यापुढे आज्ञेचा बाइट. ‘तू कोण?’ या विनंतीची आज्ञा सोळाच्या पायात ८४. उत्तरही एस्केप आणि ८४ ने सुरू होतं आणि मागे डिस्प्लेचं नाव येतं. वेग १९२०० बॉड.

ड्रायव्हर लिहिणारा माणूस इथे हमखास एक चाचणी कमी करतो. उत्तराचे पहिले दोन बाइट एस्केप आणि ८४ आहेत ना, मग डिस्प्ले सापडला! पण समोर आलेलं प्रत्येक अक्षर परत पाठवणारा बोर्ड असेल तर? सिरियलचा पहिला धडा शिकणारा विद्यार्थी नेमका असाच प्रोग्राम लिहितो. तुम्ही एस्केप, ८४ पाठवलंत, त्याने एस्केप, ८४ परत पाठवलं, आणि तुमच्या ड्रायव्हरने अर्दुइनोला ब्रेल डिस्प्ले मानलं. म्हणून पूर्ण लांबीचं उत्तर येईपर्यंत थांबा. नावात छापता येणारी अक्षरं आहेत का बघा. सेलची संख्या विचारा आणि ती पटण्यासारखी आहे का तपासा. एवढं झाल्यावरच उपकरण आपलं म्हणा.

थांबण्याचंही गणित आहे. यूडेव्ह तुम्हाला उपकरण लागताक्षणी उठवतो. डिस्प्लेचं स्वतःचं फर्मवेअर त्या वेळी अजून जागं होत असतं. पहिली विनंती हवेत जाते. एकदाच विचारून सोडून देणारा ड्रायव्हर वेगवान लॅपटॉपवर नापास होतो आणि जुन्या, संथ यंत्रावर पास. ‘माझ्या यंत्रावर चालतं’ या वाक्यामागे कित्येकदा एवढंच असतं. दोन-तीनदा विचारा, मध्ये थोडी उसंत द्या, आणि मग मात्र खरोखर सोडून द्या.

सोडून देणं म्हणजे नीट सोडणं. इंटरफेस मोकळा करा, कर्नलचा ड्रायव्हर परत जोडा. वर ज्यांचे बोर्ड गायब झाले त्यांची अर्धी तक्रार ही होती की डिस्प्ले नाही हे कळल्यावरही उपकरण परत मिळालं नाही.

आणि विचारण्यातही जोखीम असते, हे विसरू नये. तुम्ही अनोळखी यंत्राला बाइट पाठवताय. बऱ्याच अर्दुइनो बोर्डांवर आणि थ्रीडी प्रिंटरांवर सिरियल पोर्ट उघडताना डीटीआर ही रेषा हलते आणि बोर्ड रीसेट होतो. चालू असलेली छपाई तुमच्या एका सभ्य ‘तू कोण?’ने पाण्यात जाऊ शकते. म्हणून सामाईक क्रमांकांवर आपोआप शोध डीफॉल्टने बंदच असावा, वापरकर्त्याने सांगितल्यावरच सुरू व्हावा, या मताचा मी आहे. यात डिस्प्लेवाल्याला एकदा सेटिंग करावी लागते हे खरं. पण रात्रभर चाललेली कोणाची छपाई त्यासाठी पणाला लावणं पटत नाही.

उत्पादकांना एक सांगायचं आहे. एफटीडीआय आपल्या क्रमांकाखाली ग्राहकांना स्वतंत्र उत्पादन क्रमांक देते. बाउमने तेच केलं, म्हणून त्यांचे व्हेरिओ डिस्प्ले ०४०३:एफई७० पासून पुढच्या क्रमांकांवर येतात आणि कोणाशी भांडत नाहीत. चिप तीच, त्रास शून्य. सीपी२१०२ मध्येही नाव आणि क्रमांक बदलून बसवता येतात. कारखान्यात एकदा करायच्या कामासाठी जगभरच्या वापरकर्त्यांना सेटिंग फाइल उघडायला लावणं हा शुद्ध आळस आहे.

‘ग’ आला की अडकतो

आता असा दोष, जो वरच्या सगळ्याशी गल्लत होऊन वर्षानुवर्षं ‘कधी चालतो, कधी नाही’ या खात्यावर जमा होत राहतो.

डिस्प्ले ओळखला जातो. टिंबं उठतात. चार ओळी सुरेख वाचता येतात. पाचव्या ओळीवर जुनाच मजकूर राहतो, कधी डिस्प्ले गप्प होतो, कधी चक्क बंद पडतो. लॉगमध्ये यूएसबी सुटल्याची एकही नोंद नाही. लोक पुन्हा केबल बदलतात.

ब्रेलच्या सेलचा बाइट असा बनतो: पहिलं टिंब १, दुसरं २, तिसरं ४, चौथं ८, पाचवं १६, सहावं ३२, आणि संगणकी ब्रेलची सातवं-आठवं ६४ आणि १२८. भारती ब्रेलमध्ये (भारतीय भाषांच्या ब्रेलमध्ये) ‘ग’ म्हणजे १, २, ४, ५ ही टिंबं. बेरीज करा: १ अधिक २ अधिक ८ अधिक १६. सत्तावीस. म्हणजे एस्केप.

बाउमच्या सिरियल प्रोटोकॉलमध्ये नव्या संदेशाची सुरुवात याच बाइटने होते. म्हणून नियम असा की मजकुरात २७ आला तर तो दोनदा पाठवायचा. डिस्प्ले जोडी बघून समजतो की ही आज्ञा नाही, अक्षर आहे. ड्रायव्हरने ही दुप्पट केली नाही तर ‘ग’च्या पुढचं अक्षर डिस्प्ले आज्ञा म्हणून वाचू लागतो.

पुढचं अक्षर कोणतं त्यावर काय घडेल ते ठरतं. ‘गाव’मध्ये ‘ग’नंतर काना येतो: टिंबं ३, ४, ५, बेरीज २८. अशी आज्ञाच नाही, त्यामुळे ओळ नुसती वाया जाते. ‘गोवा’ किंवा ‘गोष्ट’ घ्या. ओकाराची टिंबं १, ३, ५, बेरीज २१, सोळाच्या पायात १५. प्रोटोकॉल चालू-बंद करण्याची आज्ञा हीच! आणि ‘नगर’, ‘सागर’, ‘गरम’, ‘गरज’? ‘र’ची टिंबं १, २, ३, ५. बेरीज २३, सोळाच्या पायात १७. बाउमच्या यादीत ही आज्ञा डिस्प्ले बंद करण्याची आहे. प्रत्येक मॉडेल ती निमूट पाळेलच असं नाही, पण ‘अहिल्यानगर’ वाचताना डिस्प्ले मालवला गेल्याची तक्रार आली तर वापरकर्त्याला वेड्यात काढू नका. इंग्रजीतही ‘जी’ची टिंबं तीच, त्यामुळे इंग्रजी ‘प्रोग्राम’ या शब्दावरही हेच व्हायचं.

मग चाचणीत सापडत कसं नाही? कारण नवा ड्रायव्हर तपासताना सगळी आठ टिंबं उठवून बघतात, सगळी पाडून बघतात, फार तर इंग्रजीची पहिली पाच अक्षरं पाठवतात. पाचांत सातवं अक्षर, म्हणजे ‘जी’, येत नाही. तुमच्या चाचणीत ‘नगर’, ‘गोवा’ आणि ओळीच्या अगदी शेवटी येणारा ‘ग’ हे तिन्ही ठेवा. शेवटचा ‘ग’ मुद्दाम, कारण दुप्पट केलेला बाइट मावावा एवढा बफर लांब आहे का, हे तिथेच कळतं. चाळीस सेलच्या डिस्प्लेवर चाळीसही ‘ग’ आले तर संदेश ऐंशी बाइटांवर जातो.

उलट दिशाही तपासा. डिस्प्लेवरच्या ब्रेल कळांनी वापरकर्ता ‘ग’ टाइप करतो तेव्हाही तोच बाइट तुमच्याकडे येऊ शकतो. ठरावीक लांबीचे बाइट मोजून घेणारा ड्रायव्हर जोडीतला दुसरा बाइट पुढच्या संदेशात ढकलतो आणि तिथून पुढे सगळी मोजणी एकाने सरकते. बीआरएलटीटीवायचा बाउम ड्रायव्हर दोन्ही दिशांना ही जोडी सांभाळतो. स्वतःचा ड्रायव्हर लिहायच्या आधी त्याचं कोड वाचावं. मुक्त आहे, सी भाषेत आहे आणि नीट लिहिलेलं आहे.

डिस्प्ले एचआयडी मोडमध्ये असेल तर हा प्रश्नच येत नाही, कारण तिथे संदेशाची हद्द यूएसबीच ठरवतं. म्हणून ‘सिरियल मोडमध्ये अडकतो, एचआयडीमध्ये नाही’ असं कोणी सांगितलं की सगळ्यांत आधी दुप्पट बघा.

टिंबं उठतात, पण वाचता येत नाहीत

हा ड्रायव्हरचा दोष नसतो, तरी तक्रार ड्रायव्हरकडेच येते. एनव्हीडीए आणि ओर्कामध्ये मजकुराची टिंबं बनवायचं काम लिबलुइस ही लायब्ररी करते आणि तिला भाषेचं टेबल सांगावं लागतं. मराठीचं टेबल तिच्यात आहे. टेबल इंग्रजीचं राहिलं तर देवनागरीच्या जागी भलतेच सेल येतात. एनव्हीडीएमध्ये ‘ब्रेल व्ह्यूअर’ उघडा, त्यात तेच सेल पडद्यावर दिसतात. व्ह्यूअर आणि डिस्प्ले दोन्ही चुकत असतील तर टेबल बदला. व्ह्यूअर बरोबर आणि डिस्प्ले चूक असेल तर ड्रायव्हर. डोळस सहकाऱ्याची इथे पाच मिनिटं मदत घ्यायला हरकत नाही.

एचआयडी ब्रेलने हे मिटेल का

पुष्कळसं. २०१८ मध्ये यूएसबी-आयएफने ब्रेल डिस्प्लेसाठी एचआयडीचं मानक जाहीर केलं. ॲपल, गूगल आणि मायक्रोसॉफ्ट तिघेही त्यात होते. यात उपकरण स्वतःच सांगतं की मी ब्रेल डिस्प्ले आहे, माझ्याकडे इतके सेल आहेत, या कळा आहेत. चिप कोणाची हा प्रश्नच उरत नाही. एनव्हीडीएने २०२१.३ या आवृत्तीत याला आधार दिला. नवा डिस्प्ले घ्यायचा असेल तर विक्रेत्याला पहिला प्रश्न हाच विचारा, आणि ‘यूएसबी आहे’ हे उत्तर चालवून घेऊ नका.

पण आपल्याकडे डिस्प्ले महाग, एकदा घेतला की दहा-दहा वर्षं चालवला जातो, देणगीतून आलेला जुना डिस्प्ले संस्थेतून संस्थेत फिरतो. सीएच३४० आणि एफटी२३२ चे डिस्प्ले इतक्यात कुठे जात नाहीत. लिनक्सवर एचआयडीलाही परवानगीचा एक अडथळा असतो: एचआयडीरॉ फाइल सामान्य खात्याला उघडता येत नाही, नियम-फाइलीत ती मुभा द्यावी लागते. हाताने बांधलेल्या बीआरएलटीटीवायमध्ये ही फाइल बसवायची राहून जाते.

तक्रार नोंदवताना

‘डिस्प्ले चालत नाही’ एवढ्यावर कोणालाच काही करता येत नाही. उपकरण लावतानाचा कर्नल लॉग द्या, त्यात दोन्ही क्रमांक येतील. डिस्प्लेच्या मेनूत यूएसबीचा कोणता मोड आहे ते लिहा, फर्मवेअरची आवृत्ती लिहा. बीआरएलटीटीवाय बंद करून टर्मिनलवरच चालवा: एन हा पर्याय दिला की तो पार्श्वभूमीत जात नाही, ई दिला की लॉग समोर उमटतो, एलसोबत पातळी डीबग, बीसोबत ड्रायव्हरचं दोन अक्षरी नाव, डीसोबत यूएसबी. आत-बाहेर जाणाऱ्या पॅकेटांची नोंदही सुरू करता येते, ती करा. अडकतो ती नेमकी ओळ, जशीच्या तशी, सोबत जोडा. लॉग पाठवण्याआधी एकदा वाचून घ्या, कारण पॅकेटांच्या नोंदीत तुमच्या डिस्प्लेवर आलेला प्रत्येक शब्द असतो, पासवर्ड वाचला असेल तर तोही.